चारशे फोटो जमवलेत, तरी आपली आवड कळत नाही: घर सजवण्याआधी कोलाज कसं करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला टू बीएचके घेतलंय, कार्पेट ५८० चौरस फूट, दोन महिन्यांत ताबा. घरात तुम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. तुम्हाला पांढरं, मोकळं घर आवडतं, यजमानांना गडद लाकूड, आणि सासूबाईंचं सागवानी कपाट नव्या घरात येणार हे ठरलेलंच आहे. मोबाईलमध्ये चारशेच्या वर फोटो जमलेत. त्यांचं कोलाजही करून बघितलंत, पण सगळंच सुंदर दिसतंय आणि निर्णय काहीच होत नाहीये. तर आमची स्टाईल नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

मी गेली बावीस वर्षं मुंबईत घरांच्या इंटिरियरचं काम करते, आणि त्यातली बहुतेक घरं तुमच्याएवढी किंवा त्याहून लहानच होती. कोलाज हे साधन मी जवळजवळ प्रत्येक घरासाठी वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं कोलाज फसलं, कारण ते सगळं दुसऱ्यांच्या घरांचं झालं. त्यात तुमचं घर कुठेच नाही आणि तुम्हीही नाही. सुंदर गोष्टींशेजारी सुंदर गोष्टी चिकटवल्या की त्या सुंदरच दिसणार. कोलाजचं काम वेगळं असतं. आपल्याला एखादा फोटो का आवडला हे त्यातून बाहेर यायला हवं, आणि जे आपलं नाही ते गळून पडायला हवं.

आधी चारशेचे चाळीस करा. एका बैठकीत, फार विचार न करता. बोट थांबलं तर ठेवा, नाहीतर पुढे. यजमानांनाही त्यांचे वेगळे चाळीस निवडू द्या आणि तोवर एकमेकांचे बघू नका. दोघं शेजारी बसून निवडायला लागले की एकाची आवड दुसऱ्याच्या भिडेखाली दबते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच दोघांना वेगवेगळं काम देते.

मग हे चाळीस फोटो झेरॉक्सवाल्याकडे साध्या कागदावर, एका पानावर चार असे छापून घ्या. मोबाईलवर हे काम होत नाही, कागद हातात लागतो. प्रत्येक फोटोखाली पेनानं एकच गोष्ट लिहा: यातलं नक्की काय आवडलं? ‘छान आहे’, ‘क्लासी वाटतं’ असं लिहायचं नाही. डोळ्याला दिसणारी किंवा अंगाला जाणवणारी गोष्ट लिहायची. ‘खिडकीतून ऊन येतंय.’ ‘ओट्यावर काहीच ठेवलेलं नाही.’ ‘सोफ्यावर पाय वर घेऊन बसता येईल.’ ‘लाकडाच्या रेषा दिसतायत.’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण खरं उत्तर इथेच मिळतं. विलेपार्ल्याच्या एका कुटुंबाचं काम करत होते. बाईंनी निवडलेल्या फोटोंत पांढरे सोफे, पांढरे पडदे, पांढऱ्या भिंती. त्यांची पक्की खात्री होती की आपल्याला पांढरा रंग आवडतो. फोटोंखाली त्यांनी जे लिहिलं, ते ओळीनं वाचत गेले तर चाळीसपैकी बावीस ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आली होती: पसारा नाही. जमिनीवर काही नाही, टेबलावर काही नाही, चपला दिसत नाहीत. रंगाचा उल्लेख तीन-चारदाच होता. त्यांना पांढरं घर नको होतं, सामान नजरेआड गेलेलं घर हवं होतं. आम्ही भिंतींना फिकट बदामी रंग दिला आणि पैसा ओतला तो बंद कपाटांत, दारामागच्या चपलांच्या कप्प्यात आणि पलंगाखालच्या खणांत. पांढऱ्या सोफ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुमच्या ‘पांढरं, मोकळं’ यातला कोणता शब्द खरा आहे, ते फोटोंखालच्या ओळींतून कळेल. यजमानांच्या ‘गडद लाकडा’मागेही काहीतरी असणार. कदाचित त्यांना गडद रंग हवाय. कदाचित वस्तू भक्कम वाटायला हवी आहे, हात लावला की लाकूड लाकडासारखं लागायला हवंय. दुसरी गोष्ट असेल तर फिकट सागातही त्यांचं समाधान होईल आणि तुमचं भांडण तिथेच संपेल. दोघांचे कागद झाले की जमिनीवर समोरासमोर पसरा आणि दोन्हीकडे सारखं काय आलंय ते शोधा. काही ना काही निघतंच. एका जोडप्याचं कशातच जमत नव्हतं, पण दोघांच्या फोटोंत मिळून अकरा ठिकाणी वेताचं विणकाम होतं. त्या वेतावर आख्खा हॉल उभा राहिला.

आता सासूबाई. त्यांनी मोबाईलवर फोटो सेव्ह केले नसतील, म्हणून त्यांची आवड विचारायचीच नाही असं करू नका. त्यांच्याकडे जुने अल्बम असतील. ते काढा, आणि माणसांऐवजी माणसांच्या मागे काय आहे ते बघा. बारशाच्या, मुंजीच्या, गणपतीच्या फोटोंत मागे भिंती असतात, दारं असतात, मांडणी असते. गिरगावातल्या चाळीत तीस वर्षं काढलेल्या एका आजींचा अल्बम बघताना आम्हाला कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट दिलेली भिंत दिसली, वर चुना, आणि गॅलरीकडच्या दारातून आत आलेला उजेडाचा पट्टा. आजी त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे बसून मी भाजी निवडायची.” नव्या घरात त्यांच्या खोलीला आम्ही तसाच कमरेपर्यंत शेवाळी रंग दिला आणि खिडकीशी बसायला दीड फूट उंचीची बैठक केली. कोणत्याही वेबसाईटवर हा फोटो सापडला नसता. अशी दोन-तीन चित्रं तुमच्या कोलाजमध्ये आलीच पाहिजेत. अल्बममधला मूळ फोटो मात्र कापू नका, मोबाईलनं त्याचा फोटो काढून तो छापा.

छाटणी करताना काही फोटोंबद्दल सावध राहा. हल्ली फिरणाऱ्या फोटोंपैकी बरेच फोटो खऱ्या घरांचे नसतातच, ते कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. ओळखायची माझी खूण साधी आहे: स्विचबोर्ड दिसतोय का? वायर दिसतेय का? छताला पंखा आहे का? तिन्ही नसतील तर त्या खोलीत कोणी राहत नाही. आणि खऱ्या घरांचे फोटोही बहुतेक वाइड लेन्सनं काढलेले असतात. त्यात दहा फुटांची खोली पंधराची वाटते.

हवामानही बघा. उत्तर युरोपातल्या घरांत पांढऱ्या भिंती आणि फिकट लाकूड आलं, त्यामागे तिथले हिवाळ्यातले छोटे दिवस आहेत. जेमतेम मिळणारा उजेड खोलीभर पसरावा म्हणून केलेली ती सोय आहे. आपल्याकडे मार्च ते मे पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन अडवायचं असतं, आणि जून ते सप्टेंबर दमट हवेशी सामना असतो. ज्यूटचा गालिचा फोटोत देखणा दिसतो. पण पावसाळ्यात तो ओलावा धरतो, वास मारतो, आणि खिडकीजवळ असेल तर त्याला बुरशी येते. उघड्या फळ्यांवरच्या ओळीनं लावलेल्या बरण्या मुंबईच्या धुळीत दर आठवड्याला पुसाव्या लागतात. पुसायची तयारी असेल तर जरूर ठेवा, पण मनाशी तसं ठरवून मगच तो फोटो कोलाजमध्ये घ्या.

आता घराची किल्ली मिळाली की पहिलं काम: प्रत्येक खोलीचे चारही भिंतींचे फोटो. मोबाईल छातीच्या उंचीवर धरा, समोरच्या भिंतीला सरळ. वाइडचं बटण दाबू नका. एकदा सकाळी नऊला काढा, एकदा दुपारी चारला आणि एकदा रात्री दिवे लावून. बिल्डरनं लावलेल्या टाइल्स, खिडकीची ग्रिल, शेजारच्या इमारतीची भिंत, सगळं येऊ द्या. तुमच्या कोलाजमधली पहिली चित्रं ही. बाकीच्या सगळ्या वस्तूंना यांच्याशी जुळवून घ्यायचंय.

यानंतर मापाचं कोलाज. इंटिरियरवाल्यांकडे न जाणाऱ्या लोकांना हे कोणी सांगत नाही आणि नेमकं इथेच नुकसान होतं. ए-थ्री आकाराचा कागद साधारण पावणेबारा बाय साडेसोळा इंचांचा असतो. एक फूट म्हणजे एक इंच असं माप धरलं, तर तुमचा हॉल १० बाय १४ चा असेल तर तो या कागदावर व्यवस्थित बसतो. साडेनऊ फूट उंचीची, चौदा फूट लांबीची भिंतही त्याच मापात बसते. म्हणजे दोन प्रकारचे कागद करा: एक वरून दिसणाऱ्या जमिनीचा, आणि प्रत्येक भिंतीचा एकेक.

मग वस्तू कापायच्या. तीन जणांचा सोफा साधारण सात फूट लांब आणि तीन फूट खोल असतो, म्हणजे जमिनीच्या कागदावर ७ बाय ३ इंचांचा तुकडा. तुमच्या फोटोंत एल आकाराचा मोठा सोफा असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. त्याचं माप ९ बाय ६ फूट धरा, कापा आणि हॉलच्या कागदावर ठेवा. आता चार जणांचं जेवणाचं टेबल, ४ बाय अडीच फूट, उरलेल्या जागेत ठेवून बघा. टेबल बसेल. पण खुर्ची मागे ओढून माणूस उठायला प्रत्येक बाजूला अडीच फूट तरी लागतात, दार आणि ये-जा करायची वाट सोडली तर तेवढी जागा बहुधा उरणार नाही. हे कागदावर कळायला दहा मिनिटं लागतात. सोफा घरी आल्यावर कळलं तर तो परत घ्यायला दुकानदार तयार नसतो.

पंखा विसरू नका. नेहमीच्या पंख्याचा व्यास चार फूट असतो. चार इंचांचा गोल कापून खोलीच्या मध्यावर ठेवा आणि जेवणाच्या टेबलावर लटकणारा जो दिवा तुम्हाला हवाय तो त्याच्या पात्यांच्या वाटेत येतो का ते बघा. भिंतीच्या कागदावर एसी, स्विचबोर्ड, इंटरनेटचा डबा, खिडकीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि देव्हारा हे सगळं चिकटवा. फोटोतल्या घरात देव्हारा नसतो. आपल्याकडे तो कुठे असणार हे शेवटी ठरवलं की तो फ्रिजच्या डोक्यावर जातो, आणि मग सासूबाई आयुष्यभर बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना ते लागतं.

रंगांचं बोलते. माणसं रंगाची आठवण ठेवतात, प्रमाणाची ठेवत नाहीत. ‘मला तो मोरपंखी हॉल फार आवडला’ असं म्हणून आलेल्या एका मुलीचा फोटो बघितला तर त्यात मोरपंखी फक्त दोन उशा आणि एक फुलदाणी होती. बाकी सगळं दुधी आणि लाकडी. तिनं मात्र आख्ख्या भिंतीला मोरपंखी रंग देण्याचं मनात ठरवलं होतं. पैठणी डोळ्यासमोर आणा. अंगाचा रंग एक, काठ वेगळा, पदरावर जर. काठाचा रंग अंगभर पसरला असता तर ती नजर खिळवणारी साडी राहिली नसती. तुमच्या आवडत्या दहा फोटोंतले रंग असेच मोजा: अंगाला कोणता, काठाला कोणता, पदराला कोणता. पेंटच्या दुकानातून शेडकार्ड आणा, त्याच प्रमाणात पट्ट्या कापा आणि कोलाजच्या कडेला चिकटवा. अंगाचा रंग म्हणजे भिंती आणि जमीन. काठ म्हणजे कपाटं, दारं, पडदे. पदर म्हणजे उशा, एखादी खुर्ची, चित्राची चौकट. पदर दोन वर्षांनी बदलता येतो, म्हणून धाडस तिथे करा.

कोलाज पूर्ण झालं की मोबाईलनं त्याचा कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकसारखं मध्यम राखाडी दिसलं, तर रंग कितीही जुळले तरी खोली निर्जीव वाटणार. थोडं गडद आणि थोडं उजळ दोन्ही हवं. तुमचं पांढरं आणि यजमानांचं गडद लाकूड इथे एकमेकांच्या मदतीला येईल.

एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा दादरच्या एका घरातल्या आठ फुटी कपाटासाठी मी कोलाजवरून आणि हाताएवढ्या तुकड्यावरून गडद हिरवं लॅमिनेट, म्हणजे सनमायका, निवडलं. दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली ते पानासारखं हिरवं होतं. त्या बेडरूमची खिडकी शेजारच्या इमारतीकडे उघडत होती आणि घरात पिवळे दिवे लावले होते. कपाट लागलं तेव्हा ते काळं दिसलं. घरातली माणसं सभ्य होती, काही बोलली नाहीत, पण बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. सगळी दारं मी माझ्या खर्चानं बदलली. तेव्हापासून छापील रंगावर मी काहीच ठरवत नाही. कोलाजवर शेवटी खरे तुकडे चिकटवायचे: कापडाची पट्टी, सनमायकाचा तुकडा, शक्य असेल तर टाइलचा तुकडाही. आणि ते घेऊन प्रत्यक्ष त्या खोलीत, त्या खिडकीसमोर उभं राहायचं. एलईडी दिवा घेताना डब्यावरचा आकडा वाचा. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे ट्यूबसारखा पांढरा. जो दिवा घरात लावणार आहात त्याच्याच उजेडात रंग बघा. भिंतीचा रंगही छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांत लावा आणि दोन दिवस ठेवा.

तयार कोलाज आठ दिवस फ्रिजवर लावून ठेवा. येता-जाता दिसू द्या, मुलीलाही मत देऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी गोष्ट खुपायला लागते. ती काढा. तिच्या जागी लगेच दुसरी चिकटवायची घाई नको, जागा रिकामी राहू द्या.

मग ते घेऊन बाजारात जा. दिव्यांसाठी लोहार चाळ, पडद्याच्या कापडासाठी मंगलदास मार्केट, फर्निचरसाठी जोगेश्वरी-ओशिवराचा पट्टा, जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार. या ठिकाणी इतकं काही समोर येतं की आपण काय ठरवलं होतं ते विसरायला होतं. वस्तू आवडली की कोलाजशेजारी धरा, किंमत नंतर विचारा. सुतारालाही हेच दाखवा. ‘साधं, मोकळं हवं’ म्हटलं की प्रत्येक सुताराच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र उभं राहतं. मापासकट कागद समोर असला की तो थेट बोलायला लागतो: इथे बिजागरी बसणार नाही, इथे खण दोन इंच कमी करावा लागेल. ओट्याखालच्या आणि बाथरूमजवळच्या कामाला मात्र ७१० नंबरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लायच वापर म्हणून त्याच कागदावर लिहून द्या. ही गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही.

तुमच्या स्टाईलला नाव काय, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. जपानी, बोहो, मिनिमल ही नावं दुकानात शोधायला उपयोगी पडतात, पण चार माणसांच्या घराला एकच नाव पुरत नाही. फोटोंखाली लिहिलेल्या ओळींतल्या पाच निवडा आणि कोलाजच्या माथ्यावर लिहा, काम चालू असताना त्याच ओळींकडे बघायचं.

आणि सुरुवात त्या सागवानी कपाटापासून करा. आजच त्याची उंची, रुंदी, खोली मोजा, दिवसाउजेडी समोरून फोटो काढा, एक फुटाला एक इंच याच मापात छापा आणि भिंतीच्या कागदावर सगळ्यांत आधी चिकटवा. त्याचं लाकूड हेच तुमच्या घराचं लाकूड धरा, नवीन जे येईल ते त्याच्या रंगाजवळ न्या. यजमानांचं गडद लाकूड तिथे आलंच, आणि त्याच्यामागची भिंत तुम्हाला हवी तशी दुधी ठेवता येईल. सासूबाईंना एक विचारून घ्या, ते कपाट सुटं होतं का. जुनी बरीच कपाटं वरचा भाग, खालचा भाग आणि दारं अशी वेगळी निघतात. नव्या इमारतीच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजून आणा. निघत नसेल तर सामान हलवायच्या दिवशी नाही, आत्ताच एखादा जुना सुतार बोलावून बघा.